रोवणी, बाजार आणि उद्याचा बेत: आपला दिवस फ्रेंचमध्ये सांगताना

फ्रेंचच्या तोंडी परीक्षेची तयारी करून घेत होते. लाखनी तालुक्यातल्या एका मुलीला विचारलं, "रोज सकाळी काय काय करतेस?" तिने न अडखळता सांगितलं की ती सात वाजता उठते, पाव-लोणी-जाम खाते आणि मेट्रोने कामाला जाते. व्याकरण अचूक होतं. पुढचा प्रश्न मी सहज विचारला, "मेट्रोला किती वेळ लागतो?" ती गप्प झाली. तिच्या गावाहून भंडाऱ्याला येणारी बस, घरची भाताची बांधी, आईबरोबरचा स्वयंपाक, यातलं एकही वाक्य तिच्याजवळ फ्रेंचमध्ये नव्हतं. दोष तिचा नव्हता. तिला दुसऱ्याच कुणाचा तरी दिवस पाठ करायला मिळाला होता.

हा लेख तिच्यासारख्या वाचकांसाठी आहे. भंडारा जिल्ह्यात फ्रेंच शिकावंसं वाटणारी मुलं आता भेटतात, आणि त्यांची कारणं खरी आहेत. भंडाऱ्याहून साठेक किलोमीटरवर नागपूरच्या मिहानमध्ये दसॉ या फ्रेंच विमान कंपनीच्या भागीदारीतला कारखाना 2017 साली पायाभरणी होऊन उभा राहिला. फाल्कन 2000 हे अख्खं विमान तिथे जोडायची घोषणा जून 2025 मध्ये झाली. कुणाला कॅनडाला जायचं असतं, कारण तिथे फ्रेंच येणाऱ्या अर्जदाराचं पारडं जड होतं. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या पवनी बाजूच्या दारावर किंवा कोका अभयारण्यात वाट दाखवणाऱ्या तरुणाला परदेशी पाहुण्याशी त्याच्या भाषेत दोन वाक्यं बोलता आली, तर तीही कामाचीच.

माझं म्हणणं एकच आहे. फ्रेंचकडे इंग्रजीच्या वाटेने जाऊ नका, मराठीतून थेट जा. रोजचं काम आणि पुढचा बेत सांगताना ही वाट बरीच जवळची पडते.

फ्रेंच वाक्यं इथे देवनागरीत लिहिली आहेत, म्हणून आधी उच्चाराच्या खुणा सांगते. 'झ' दिसला तर तो झाडातला झ नव्हे. जीभ 'श'च्या जागी ठेवा आणि घशातून आवाज सोडा. खाली टिंब दिलेला 'ज़' म्हणजे 'स'च्या जागी जीभ ठेवून काढलेला घुमणारा आवाज. 'जमीन' म्हणताना जीभ दाताला टेकते, इथे टेकवायची नाही. 'त्यू', 'द्यू' यांत ओठ ऊचे आणि जीभ ईची. चंद्रबिंदू असेल तिथे स्वर नाकातून काढायचा, शेवटी न किंवा म वाजू द्यायचा नाही. र घशाच्या मागून, हलकी गुळणी केल्यासारखा. बाकी त, द, प, क हे आपलेच आहेत. इंग्रजी वळणाने बोलणाऱ्याला फ्रेंच 'त' साधायला महिने लागतात, आपल्याला तो जन्मापासून येतो. खरा उच्चार मात्र कानानेच पक्का होतो, म्हणून प्रत्येक वाक्य एकदा तरी ऐकून घ्या.

आजचा दिवस

वर्तमानकाळ फ्रेंचमध्ये एकच आहे. 'झ माँझ' म्हणजे मी खाते, मी खातो, मी खात आहे, सगळं काही. बोलणारा पुरुष की बाई हे आपलं 'जातो-जाते' लगेच सांगतं. फ्रेंच 'झ वे' दोघांनाही तसंच चालतं. आत्ता या क्षणी चाललेलं काम ठासून सांगायचं असेल तर 'आँ त्रँ द' जोडतात: 'झ स्वी आँ त्रँ द माँझे', मी जेवतेच आहे.

गोंधळ होतो तो 'झ म लॅव' या प्रकारच्या क्रियापदांचा. मधला 'म' कशाला, असं प्रत्येक वर्गात कुणीतरी विचारतंच. मराठीतल्या जोड्या आठवून बघा: जागं होणं आणि जागं करणं, उठणं आणि उठवणं. आपण क्रियापदाचं रूप बदलून जे सांगतो, ते फ्रेंच त्या छोट्या 'म'ने सांगते. 'झ रेवॅय मोँ फ्रॅर' म्हणजे मी भावाला जागं करते. 'झ म रेवॅय' म्हणजे मला जाग येते. माणूस बदलला की तो तुकडाही बदलतो: 'त्यू त लॅव', 'ईल स लॅव', 'नू नू लवोँ', 'वू वू लवे'. धुणं, अंघोळ यासाठी 'स लावे', कपडे घालायला 'साबिये', विसाव्याला 'स रपोज़े', झोपायला जाण्यासाठी 'स कूशे'. ही पाच-सहा क्रियापदं आली की सकाळ आणि रात्र दोन्ही सांगता येतात.

मधल्या दिवसासाठी 'फॅर' हे एक क्रियापद आपल्या 'करणे'इतकंच कामसू आहे. स्वयंपाक करणं म्हणजे 'फॅर ला क्विज़ीन', घरची झाडलोट करणं म्हणजे 'फॅर ल मेनाझ', भांडी घासणं म्हणजे 'फॅर ला वेसॅल'. आणि आपण जसा 'बाजार करतो', तसाच फ्रेंच माणूसही बाजार 'करतो': 'फॅर ल मार्शे'. इंग्रजीतून आलेला विद्यार्थी इथे 'जाणे' शोधत बसतो. तुम्ही आठवडी बाजार जसा मराठीत बोलता तसाच बोला.

वारांचा एक बारकावा लक्षात ठेवण्याजोगा आहे. 'ल मार्दी' म्हटलं की दर मंगळवारी. नुसतं 'मार्दी' म्हटलं की या मंगळवारी. 'ल मार्दी, मा मॅर फे ल मार्शे' म्हणजे आई दर मंगळवारी बाजार करते. आपण 'मंगळवारी' एवढंच म्हणून दोन्ही अर्थ भागवतो, त्यामुळे हा 'ल' सुटतो आणि नेहमीचं काम एकदाचं होऊन बसतं. 'ल मातँ' म्हणजे सकाळी, 'ल स्वार' म्हणजे संध्याकाळी. त्यांना आणखी कुठलाही प्रत्यय लागत नाही. 'तूझूर' नेहमी, 'सूवाँ' बऱ्याचदा, 'पारफ्वा' कधीकधी, 'दाबित्यूद' एरवी. यातला एखादा शब्द प्रत्येक दोन वाक्यांमागे घाला.

वेळेला 'आ' लागतो: 'आ सँकर' पाच वाजता, 'आ सीज़र' सहा वाजता. गाडीची, दुकानाची, कचेरीची वेळ फ्रान्समध्ये रेल्वेच्या पद्धतीने चोवीस तासांत सांगतात. वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवरचा फलक वाचायची सवय असेल तर हे जड जाणार नाही. संध्याकाळचे पाच म्हणजे 'दिसॅतर', सतरा वाजले. आकड्यांमध्ये सगळे घाबरतात ते सत्तरच्या पुढे. फ्रेंच ऐंशी म्हणजे 'कात्र वँ', शब्दशः चार वीस. जुन्या बाया 'चार विसा' मोजत, तोच हिशेब. पंच्याहत्तर म्हणजे 'स्वासाँत कँज़', साठ आणि पंधरा. ज्या घरात विसांनी मोजलेलं कधी ऐकलं आहे, तिथल्या मुलांना हे सांगितलं की त्यांची भीती एका दिवसात जाते, हा माझा अनुभव आहे.

आपल्या गावाचे शब्द

पाठ्यपुस्तकात हे शब्द मिळत नाहीत, म्हणून जरा थांबून सांगते. भाताची बांधी म्हणजे 'ला रिज़्यॅर'. रोवणी करणं म्हणजे 'रपिके ल री', पऱ्हे काढून पुन्हा लावणं हा अर्थ त्यात नेमका येतो. कापणीचा शब्द 'ला रेकॉल्त'. तलाव म्हणजे 'एताँ'. मालगुजारी तलाव असा शब्द तिकडे नाही, तेव्हा तो समजावून सांगायचा: 'अँ व्येय एताँ पूर इरिगे ले रिज़्यॅर', बांध्यांना पाणी देणारा जुना तलाव. परीक्षक अशा वाक्यावर थांबतो आणि पुढचा प्रश्न त्यावरच विचारतो. त्याचं उत्तर तुमच्याजवळ असतंच, कारण तो तलाव तुम्ही रोज बघता.

मोहाडी, आंधळगाव भागात कुणाच्या घरी कोसा विणला जात असेल तर त्यांना एक शब्द आयता मिळाला आहे. टसर कापडाला फ्रेंचमध्ये 'त्यूसोर' म्हणतात आणि तो शब्द आपल्याच 'टसर'वरून इंग्रजीमार्गे तिकडे गेला. 'मोँ पॅर तीस द्यू त्यूसोर', माझे वडील कोसा विणतात. भंडारा शहराची पितळेच्या भांड्यांसाठी ख्याती. पितळ म्हणजे 'ल लेतोँ'. तुमसर तालुक्यात चिखला, डोंगरी बुजुर्गच्या खाणींत घरचं कुणी असेल तर 'ईल त्रावाय दाँज़्यून मीन द माँगानॅज़', तो मॅंगनीजच्या खाणीत काम करतो. वरण-भाताला 'द्यू री आवॅक दे लाँतीय' म्हणा. भाकरीला भाकरीच म्हणा आणि ती कशाची हे सांगा.

नातेवाइकांकडे जाण्यासाठी फ्रेंचचा 'शे' हा शब्द मला फार आवडतो, कारण तो आपल्या '-कडे'चा सख्खा भाऊ आहे. मावशीकडे म्हणजे 'शे मा ताँत', डॉक्टरकडे म्हणजे 'शे ल मेदसँ'. इंग्रजीत यासाठी असा एक शब्द नाही. मावशी, आत्या, काकू, मामी या सगळ्यांना तिकडे एकच 'ताँत' आहे. मावशीच, हे सांगायचं असेल तर 'ला सर द मा मॅर', आईची बहीण, असं जोडा.

मग त्या मुलीचा दिवस आम्ही पुन्हा बांधला तो असा: 'झाबीत दाँज़ँ विलाझ. ल मातँ, झ म लॅव आ सँकर. झॅद मा मॅर आ फॅर ला क्विज़ीन. आ नवर, झ प्राँ ल ब्यूस पूर भंडारा. ल स्वार, झेत्यूदी. आँ झ्वीये, ओँ रपीक ल री. दिमाँश, झ वे आले शे मा ताँत आ तुमसर.' म्हणजे: मी खेड्यात राहते. सकाळी पाचला उठते. आईला स्वयंपाकात मदत करते. नऊला भंडाऱ्याची बस घेते. संध्याकाळी अभ्यास करते. जुलैत आम्ही रोवणी करतो. या रविवारी मी तुमसरला मावशीकडे जाणार आहे. यातला 'ओँ' म्हणजे बोलण्यातलं 'आम्ही, आपण'. त्याचं क्रियापद एकवचनी असतं, त्यामुळे सोपंही जातं.

उद्या, परवा आणि पुढे

आता बेतांकडे. मराठीत भविष्य सांगायच्या तीन रीती आहेत: उद्या येते, उद्या येणार आहे, उद्या येईन. फ्रेंचमध्येही तीनच, आणि त्या जवळपास जोडीने बसतात. 'झ व्यँ दमँ', उद्या येते. 'झ वे वनीर दमँ', उद्या येणार आहे. 'झ व्यँद्रे', येईन. इंग्रजीतून शिकताना यांचे फरक नियम म्हणून घोकावे लागतात. मराठी कानाला ते आधीच ठाऊक आहेत. ठरलेलं, जवळचं, मनात पक्कं असलेलं असेल तर 'णार आहे'चं रूप. वचन, दूरचा काळ, अटीवर अवलंबून असलेलं असेल तर 'येईन'चं.

'णार आहे'ची बांधणीही तशीच आहे. आपल्याकडे 'येणार' हलत नाही, 'आहे, आहेस, आहोत' बदलतं. तिकडे मूळ क्रियापद हलत नाही, त्याच्या आधीचं 'जाणे' बदलतं: झ वे, त्यू वा, ईल वा, नूज़ालोँ, वूज़ाले, ईल वोँ. हे सहा तुकडे पाठ असले की कुठल्याही क्रियापदाचं भविष्य तयार. नकार या हलणाऱ्या तुकड्याभोवती येतो: 'झ न वे पा वनीर', मी येणार नाही.

'येईन'साठी बहुतेक क्रियापदांच्या मूळ रूपाला शेपूट लागतं. पाठ करावे लागतात ते बिघडणारे धातू. रोजच्या बोलण्याला 'झिरे' जाईन, 'झ सरे' असेन, 'झोरे' माझ्याजवळ असेल, 'झ फरे' करीन, 'झ व्यँद्रे' येईन, 'झ वेरे' पाहीन, 'झ पूरे' मला जमेल, एवढे पुरतात. दिवाळीनंतर आपल्याकडे गावोगाव मंडई भरते, पाहुणे येतात, रात्री नाटक असतं. ते सांगायला 'आप्रे दिवाळी, इल्योरा ला फ्वार द्यू विलाझ', दिवाळीनंतर गावची जत्रा असेल.

इथवर मराठी साथ देते. काही ठिकाणी मात्र तीच आपल्याला पाडते, आणि त्या जागा आधीच माहीत असलेल्या बऱ्या.

सगळ्यात मोठी जागा 'की' आणि 'तर'ची. आपण म्हणतो, नागपूरला पोहोचले की फोन करीन. पोहोचणं अजून व्हायचंय, तरी रूप भूतकाळाचं. फ्रेंच इथे दोन्हीकडे भविष्य मागते: 'काँ झारिवरे आ नागपूर, झ वूज़ापॅलरे'. आणि पाऊस आला तर रोवणी करू, हे वाक्य? इथेही आपला 'आला' भूतकाळी आहे. फ्रेंच 'तर'च्या आधी वर्तमानच ठेवते: 'सील प्ल, ओँ रपिकरा ल री'. म्हणजे 'काँ'नंतर भविष्य, 'सी'नंतर वर्तमान, भूतकाळ कुठेच नाही. माझ्या वर्गात सर्वांत जास्त लाल खुणा याच दोन वाक्यांवर पडतात. दोन्ही वाक्यं आपल्या घरातल्या प्रसंगांवर वीस-वीस वेळा रचून बघा.

तसंच दारावर कुणी हाक मारली की आपण आतून ओरडतो, "आलेच!" फ्रेंच ओरडतो 'झारीव!', येतेय. भूतकाळ वापरलात तर तो तुम्हाला समोर शोधेल.

'परवा' हा शब्द आपल्याकडे दोन्ही बाजूंना चालतो. तिकडे होऊन गेलेला परवा 'आवाँत्येर' आणि येणारा परवा 'आप्रे दमँ'. 'मला जायचं आहे' हेही फोडावं लागतं. इच्छा असेल तर 'झ व आले', जावंच लागणार असेल तर 'झ द्वा आले'. मराठीत ते सूर ऐकून कळतं, फ्रेंचमध्ये आधी स्वतःशी ठरवावं लागतं. दोन दिवसांनी म्हणजे 'दाँ द झूर', दोन दिवसांत म्हणजे 'आँ द झूर'. रोवणी दोन दिवसांनी सुरू होणार की दोन दिवसांत संपणार, हा फरक सुरुवातीच्या एका 'द'वर आहे.

'पासून' मात्र पुन्हा आपल्या बाजूचं आहे. सहा महिन्यांपासून फ्रेंच शिकतेय: 'झाप्राँ ल फ्राँसे दप्वी सी म्वा'. आपल्यासारखाच साधा वर्तमान. इंग्रजीचं वळण आठवून इथे गुंता करू नका.

पुढच्या आयुष्याबद्दल विचारलं की नुसतं 'मी अमुक होणार' म्हणून थांबू नये. मनातल्या पायऱ्या दाखवणारे शब्द वापरा. 'झ वूद्रे' आवडेल, 'झॅस्पॅर' आशा आहे, 'झ पाँस' विचार आहे, 'झे लँताँस्योँ द' ठरवलं आहे, 'पतॅत्र' कदाचित. 'आप्रे मेज़ेत्यूद, झ वूद्रे त्रावाये आ नागपूर', शिक्षण झाल्यावर मला नागपूरला काम करायला आवडेल. त्याला लगेच 'पार्स क', कारण, जोडा. आईवडील जवळ राहतील, शेत सुटणार नाही, जे खरं असेल ते सांगा. परीक्षक तुमची निवड तपासत नाही, तुम्ही वाक्याला वाक्य जोडता का ते बघतो.

परीक्षा आणि सराव

डेल्फ या फ्रेंचच्या परीक्षेच्या पहिल्या पायरीला, म्हणजे ए-एकला, तोंडी परीक्षा पाच ते सात मिनिटांची आणि त्याआधी दहा मिनिटं तयारीला मिळतात. सुरुवातीच्या गप्पा तुमच्या घराबद्दल, रोजच्या दिवसाबद्दलच असतात. मग तुम्ही परीक्षकाला प्रश्न विचारायचे, मग दुकानासारख्या प्रसंगातला छोटा संवाद. ए-दोनला एक विषय घेऊन थोडं सलग बोलावं लागतं. एकूण शंभरात पन्नास गुण हवेत आणि चारही भागांत पंचवीसपैकी किमान पाच. म्हणून केवळ लिहिण्यावर भर देऊन चालत नाही. डेल्फचं प्रमाणपत्र कायमचं असतं. कॅनडासाठीच्या टीसीएफ, टीईएफ या वेगळ्या परीक्षा आहेत आणि त्यांचा निकाल दोनच वर्षं चालतो, तेव्हा अर्जाची वेळ बघूनच त्या द्या.

शिकायला मुंबई आणि पुण्याला आलियाँस फ्राँसेज़ आहे. गावी राहून करायचं तर टीव्ही-सँक-मोंदचे पायरीवार धडे मोबाइलवर फुकट मिळतात, आणि आरएफआय या फ्रेंच रेडिओचं सोप्या भाषेतलं बातमीपत्र कानाला वळण लावतं. बातमीपत्र सुरुवातीला कळणार नाही. तरी लावून ठेवा, आकडे आणि वार पकडायचा प्रयत्न करा.

सरावासाठी वेगळा तास काढायची गरज नाही. जे हाताने चाललंय ते तोंडाने म्हणा: भांडी घासताना 'झ फे ला वेसॅल', बसमध्ये चढताना 'झ प्राँ ल ब्यूस'. रात्री झोपण्याआधी उद्याची तीन कामं 'झ वे'ने वहीत लिहा, आणि दुसऱ्या रात्री त्यातली कुठली राहिली ते पाहून तीच पुन्हा 'दमँ' लावून लिहा. मैत्रिणीला आवाजी निरोप पाठवा, तिने त्यावर एक प्रश्न विचारलाच पाहिजे असा करार करा. मेट्रोवाल्या मुलीला नेमका हाच सराव मिळाला नव्हता, दुसऱ्या प्रश्नाचा.

आणि प्रश्न कळला नाही तर गप्प बसू नका. 'वू पूवे रेपेते, सील वू प्ले?', पुन्हा सांगता का, एवढं म्हणा. त्याचे गुण कापत नाहीत. समोरचा हळू बोलतो, आणि तेवढ्यात तुम्हाला तुमची बांधी, तुमची बस, तुमचा रविवार आठवतो.